एका खोट्या फेरीचा खर्च

बन्सीला आजारी पडायचं होतं, तेही ठरवून, सकाळी पोहे-चहा आटपून. असा आजार त्याच्या साठ वर्षांत पहिल्यांदाच येत होता. त्यामुळं दुखायचं कुठं, यावरून घरात आदल्या संध्याकाळपासून वाद पेटला होता.

"छातीत," बन्सी म्हणाला.

"छातीत नको," त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली. "आजच सगळ्या फाट्यानं तुम्हाला उसाची मोळी उचलताना बघितलंय. कोणाला पटंल?"

"मग पाय मोडला म्हणू."

"अन् परवा चालताना दिसलात म्हंजे?"

"साप चावला म्हणू."

"साप कुठाय म्हणतील. मारायला काठ्या घेऊन येतील. मग काढा साप कुठून तरी."

शेवटी पोटावर तडजोड झाली. पोटाचं बरं असतं, आत काय चाललंय ते बाहेर कोणालाच दिसत नाही.

भानगड अशी होती. फर्दापूरच्या लोकांनी दोन वर्षांमागं वर्गणी काढून गावासाठी ॲम्ब्युलन्स घेतली. लेणीवर चकचकीत दगड विकणाऱ्यांनी दिले, हॉटेलवाल्यांनी दिले, कोणी मका विकून दिले, बन्सीनं फाट्यावरच्या आपल्या रसवंतीचा एका उन्हाळ्याचा गल्ला दिला. गाडी आली, नारळ फुटला, पेढे वाटले. गाडी घेणं सोपं निघालं. ती चालवणं म्हणजे काय असतं, ते पेढे संपल्यावर कळलं. रुग्णाकडून रुपया घ्यायचा नाही असा गावाचा ठराव, आणि गाडीला तर रोज काही ना काही लागायचं. आता जळगावचा एक जुन्या गाड्यांचा दलाल आठवड्याला येऊन टायरवर लाथ मारून बघायचा आणि म्हणायचा, "रंग बदलला की चायनीजची गाडी फस्क्लास होईल हिची."

हे ऐकलं की बन्सीच्या पोटात खरीखुरी कळ यायची. गेल्या थंडीत मनकर्णाबाईला दम्यानं असं धरलं की ओठ निळे पडले आणि बोलणं बंद झालं. मनकर्णाबाईचं बोलणं बंद झालं म्हटल्यावर बन्सी अनवाणीच गाडी बोलवायला पळाला होता. ह्याच गाडीत निशा सिस्टरनं तिला ऑक्सिजन लावला, इंद्रजीत ड्रायव्हरनं घाट एका दमात चढवला, आणि सिल्लोड यायच्या आत तोंडावरचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "अहो, गॅस बंद केला होता का?" बन्सी त्या प्रश्नावर घळाघळा रडला होता. त्या गाडीत कोणी कढई ठेवून नूडल उडवणार, हे त्याला सहनच होण्यातलं नव्हतं.

आशा एकच होती. शहरात, गारखेड्यात, तात्यासाहेबांचा एक ट्रस्ट होता आणि तो गाडीचा वर्षाचा खर्च उचलायला तयार होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी एका फेरीचा खर्च सांगा.

गावाची कमिटी बसली. अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, "जाताना घाट चढायचा, तवा डिझेल लागतं. येताना उतार. उतारावर गाडी आपसूक येती. डिझेल निम्मं धरा." दुसऱ्या एकानं ऑक्सिजन धरलाच नाही, कारण हवेला कसले पैसे. तिसऱ्यानं ड्रायव्हरचा आणि सिस्टरचा चहा धरला, बिस्किटं धरली आणि पगार विसरला. प्रत्येकाचा आकडा वेगळा. तात्यासाहेबांनी ते सगळे आकडे एकाखाली एक वाचले, हात जोडले, आणि ट्रस्टचा हिशेब बघणाऱ्या मोनिकाला फर्दापूरला पाठवून दिलं.

मोनिका पंचविशीची, पाठीवर बॅग, बोलणं तोलूनमापून. ती म्हणाली, "मी एक फेरी स्वतः बघते, इथून शहरात आमच्या ऑफिसपर्यंत. रुग्ण खोटा, बाकी सगळं खरं. खऱ्या वेळेला जे जे होतं ते ते झालं पाहिजे. आणि आमचा एक नियम आहे. रुग्णाकडून गाडीला कमाई होत असेल तर ट्रस्ट काही देत नाही. कमावत्या गाडीला आम्ही कशाला पोसायचं?"

"आमची गाडी फुकट हाय मॅडम," बन्सी तावातावानं म्हणाला. "एक दमडी घेत नाय कोणाची." एवढं मोठ्यानं बोलल्याबद्दल कमिटीनं त्यालाच रुग्ण केलं.

जाताना मोनिकानं मनकर्णाबाईला बाजूला घेऊन बजावलं, "मावशी, हे खोटं आहे असं कोणाला सांगायचं नाही."

"मी कशाला सांगते?" मनकर्णाबाई म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला. सगळा घोळ त्यातूनच झाला.

सकाळी इंद्रजीत आणि निशा स्ट्रेचर घेऊन दारात आले. बन्सी डोळे मिटून त्यावर पडला. निशानं त्याला एकच धडा दिला होता, "काका, कण्हू नका, बोलू नका. तुम्हाला येत नाही ते." पण मनकर्णाबाईला कोणी काही शिकवलं नव्हतं. स्ट्रेचर उंबऱ्याबाहेर पडलं मात्र, तिनं असा हंबरडा फोडला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली.

"अहो, काय दृष्ट लागली ओ तुम्हाला!"

"जरा कमी," बन्सी ओठ न हलवता म्हणाला.

"खरं करायचं म्हंजे खरं करायचं," ती त्याच्या कानात म्हणाली आणि पुन्हा वरच्या पट्टीत गेली.

गल्ली भरली. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कोणी येत नाही. कोणी बिस्किटचा पुडा, कोणी मोसंबी, नाहीतर मुठीत दहा-वीस रुपये. घेणाऱ्यानं 'कशाला, कशाला' म्हणायचं, पण परत करायचं नाही. आजाऱ्यानं परत केलं तर त्याचं दुखणं देणाऱ्याच्या घरी जातं म्हणतात. बन्सीच्या मिटलेल्या मुठीत बोटं खुपसून कोणी कोणी नोटा सारत होतं. एका म्हातारीनं वीस रुपये दिले आणि वर कानाशी म्हणाली, "बन्सी, जाऊ नको रे, मला अजून तुझ्याकडून शेंगा सोलायचं मशीन न्यायचंय." लेणीवर दगड विकणारा प्रणय धावत आला आणि त्यानं एक पांढरा चमचमता दगड बन्सीच्या पोटावर ठेवला. "काका, फॉरेनची माणसं म्हंतात यानं दुखणं ओढलं जातं. बरं वाटलं की परत द्या मात्र, गिऱ्हाइकाला दाखवलेला हाय."

दार लागलं, गाडी निघाली. मनकर्णाबाई पुढं इंद्रजीतजवळ बसली. मागं निशा, सकाळच्या बसनं आलेली मोनिका आणि आडवा बन्सी. त्यानं एक डोळा उघडला.

"झालं ना मॅडम बरोबर?"

मोनिका त्याच्या मुठीकडं बघत होती. "हे काय आहे?"

"हे व्हय? भेटीचे. शंभरावर असतील."

तिनं मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. बन्सीनं मान उचलून वाचलं. 'रुग्णाकडून जमा.' तो ताडकन उठून बसला, दगड खाली पडला.

"मॅडम, हे गाडीचे नायत! हे माझेत!"

"तुम्ही रुग्ण. पैसे गाडीत आले. मला लिहावं लागेल."

"अहो, कोणी भाडं म्हणून दिलं का?"

"ते तात्यासाहेब ठरवतील. झोपा तुम्ही, तुम्ही आजारी आहात."

बन्सी झोपला, पण आता त्याला खरंच बरं वाटेना. आपल्याच मुठीनं गाडी घालवली. गावातून निघून कोस झाला नाही तर चायनीजचा वास यायला लागला. त्यानं नोटा उशीखाली सारल्या, मग खिशात घातल्या, मग पुन्हा काढल्या. कुठंही ठेवल्या तरी त्या गाडीतच राहत होत्या.

मोनिका बाकावर खिडकीला पाठ लावून आडवी बसून लिहीत होती आणि निशाला विचारत होती. डिझेल जातानाचं, डिझेल येतानाचं. "येताना रुग्ण नसला तरी गाडीला घरी यायचंच असतं," ती म्हणाली. टायर, विमा, ऑक्सिजन. मग तिनं विचारलं, "महिन्यातले किती दिवस गाडी नुसती उभी असते?"

"लई दिवस," निशा म्हणाली. "पण आम्ही दोघं असतोच. झोपताना पण इंद्रजीतदादाची चप्पल दाराकडं तोंड करून."

"तोच खर्च मोठा आहे," मोनिका म्हणाली. "गाडी पळते त्यापेक्षा ती तयार उभी राहते, त्याला जास्त लागतं. तुमच्या कमिटीच्या एकाही माणसानं तो धरला नाही."

बन्सीला हे फार पटलं. "व्हय की! बैल गोठ्यात उभा असला म्हणून वैरण खात नाय का?" तो पुन्हा उठून बसला.

"काका, झोपा," दोघी एकदम म्हणाल्या.

एवढ्यात घाट लागला. फर्दापूरची माणसं ह्या घाटात डोळे मिटून वळणं सांगतील, पण आडवं बसून, खाली मान घालून आकडे लिहिणाऱ्या माणसाला घाट ओळखत नाही. पहिल्या वळणाला मोनिकाचा पेन थांबला. दुसऱ्याला तिनं खांबाला धरलं. तिसऱ्याला ती म्हणाली, "सिस्टर, गाडी उलटी फिरतेय का?"

"काय खाल्लंय सकाळपासून?"

"आज चतुर्थी आहे."

"पाणी?"

"बसमध्ये पंचाईत नको म्हणून…"

मोनिकाचा चेहरा खडूसारखा झाला. निशानं तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं आणि ओरडली, "काका, उठा!"

"मी आजारी हाय," बन्सी म्हणाला. त्याला इतका वेळ तेवढंच शिकवलं होतं.

"उठा म्हणते ना! खरी पेशंट आलीय!"

बन्सी उतरला, मोनिका आडवी झाली. निशानं तिच्या पायाखाली उशी दिली, अंगावर चादर घातली, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजायला घेतलं. बन्सीला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं तिच्याच हातातला हिशेबाचा कागद घेतला आणि त्याच कागदानं तिला वारा घालू लागला.

"तो कागद…" मोनिका डोळे मिटून म्हणाली.

"तुम्ही बोलू नका मॅडम. आता तुम्ही आजारी हायात."

पुढं इंद्रजीतला कळलं तसा तो खूश झाला. "खरं पेशंट हाय का? मग आधी सांगायचं! खोट्या माणसाला सायरन लावायला माझं मन घेत नव्हतं." आणि त्यानं सायरन लावला.

गोळेगावला पोचले तर रस्त्यात आडव्या लावलेल्या तीन मोटारसायकली, आणि मधोमध मनकर्णाबाईचा धाकटा भाऊ बद्रीनाथ, डोक्याचा रुमाल सोडून, दोन्ही हात वर करून उभा.

"हा कसा काय इथं?" बन्सीनं मधल्या खिडकीतून विचारलं.

"मी फोन केला होता सकाळी," मनकर्णाबाई म्हणाली.

"अगं, सांगायचं नाही म्हणल्या होत्या ना मॅडम!"

"खोटं हाय ते सांगायचं नाही म्हणल्या होत्या. मी कुठं सांगितलं? दाजीला शहरात दवाखान्यात नेतेय, एवढंच म्हणले. नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं अन् माहेरी कळवायचं नाही, असं खऱ्या वेळेला करतं का कोणी? जन्मभर ऐकवतील मला."

स्ट्रेचरवरून क्षीण आवाज आला, "ते मीच म्हणाले होते. सगळं खऱ्यासारखं."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बद्रीनाथचे डोळे पाण्यानं इतके भरलेले की समोरचं काही दिसण्याची सोयच नव्हती. त्यानं चादरीतले पाय धरले आणि कपाळ टेकवलं. "दाजी! असं कसं ओ झालं दाजी! परवाच्या हळदीत मी तुम्हाला मटणात रस्साच वाढला, फोडी वाढल्या नायत, त्याचा राग धरू नका दाजी!"

मग त्यानं डोळे पुसले, आणि दाजींच्या पायांना गुलाबी नेलपॉलिश दिसलं.

"मी इकडं हाय," कोपऱ्यातून बन्सी म्हणाला.

बद्रीनाथ असा उडाला की त्याचं डोकं दाराला लागलं. बन्सीकडं बघून त्यानं दोन्ही हात जोडले. "दाजी… तुम्ही गेलात का?"

"कुठं जाऊ? इथंच बसलोय मघापासून."

"मग ह्या कोण?"

"ह्या गारखेड्याच्या मॅडम. आपल्या गाडीचा खर्च काढायला आल्यात."

"अन् असा काढत असतेत का खर्च?"

सगळं सांगून होईपर्यंत बद्रीनाथच्या बायकोनं गाडीचा ताबा घेतला होता. तिनं आधी धडधाकट बन्सीकडं बघितलं, मग पांढऱ्या पडलेल्या पोरीकडं, मग आपल्या मुठीतल्या पन्नासच्या नोटेकडं. "आजाऱ्यासाठी आणलेलं घरी नेऊ का आता?" ती म्हणाली आणि नोट मोनिकाच्या हातात कोंबली. मागं उभ्या असलेल्या सगळ्याजणींना ते पटलं. गाडीत आजारी माणूस होतं, आणलेलं आजारी माणसाचं होतं. कोणी दहा, कोणी वीस, कोणी लिंबू, कोणी चार मोसंबी. एकीनं मिठा-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली, एकीनं कपाळाला हळदीकुंकू लावलं.

"अहो नको, मला घेता येत नाही," मोनिका म्हणत होती. "मी ट्रस्टची… मी हिशेब…"

"हिशेब बरं वाटल्यावर कर बाई," बद्रीनाथच्या बायकोनं तिची मूठ मिटवली. "अन् परत देऊ नको, माझी लेकरंबाळं हायेत घरी."

गाडी सुटली, पण बातमी गाडीच्या पुढं सुटली. सिल्लोडला बन्सीची लेक सायली दिलेली. तिची सासू चौकात दहा-बारा बायका घेऊन उभी होती. सिग्नलला थांबावी तशी गाडी त्यांच्यापुढं थांबली. कोपऱ्यावरचा फळवाला आत डोकावला आणि बन्सीला बघून ओरडला, "अरे बन्सीभाई, तुम तो आरामसे बैठे! लोगां बोले तुम गये करके!"

"मी नाय चाचा, मॅडम."

"मॅडम गये?"

"अहो, कोणीच नाय गेलं!"

तिकडं सायलीच्या सासूनं मोनिकाचा हात हातात घेतला होता. गोळेगावहून सिल्लोडला येताना बातमीनं मध्ये कुठंतरी वळण घेतलं होतं. "घाबरू नको पोरी," विहीणबाई मायेनं म्हणाल्या. "पहिल्या खेपेला अशी गरगर होतीच. कितवा?"

"कितवा काय?"

"महिना."

मोनिका कोपरावर उठली. "अहो काकू, माझं लग्न पण नाही झालेलं!"

विहीणबाईंनी मागं वळून बायकांकडं बघितलं, मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मग तर अजिबात बोलू नको. आम्ही कोणाला सांगत नाय." आणि शंभराची नोट, खणात गुंडाळलेला नारळ, दोन्ही तिच्या ओटीत टाकून दार लावून घेतलं.

गाडी चौकाबाहेर पडली. मग मोनिका हसली. आधी नुसते खांदे हलले, मग चादर हलली, मग स्ट्रेचर. निशा लागली, पुढं मनकर्णाबाई लागली, इंद्रजीतला गाडी बाजूला घ्यावी लागली. बन्सीला हसायचं नव्हतं, त्याचा जीव त्या 'रुग्णाकडून जमा'मध्ये अडकला होता, पण त्याच्या पोटातून हसू असं आलं की आता खरंच कळ निघाली.

"हसू नका मॅडम," निशा डोळे पुसत म्हणाली. "बीपी मोजतेय, काटा थांबत नाय."

फुलंब्रीला तर ओळखीचं कोणीच नव्हतं. तरी पाण्याची बाटली घ्यायला थांबले, तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या बाईनं आत बघितलं, "अगं माय, लहान हाय की गं," म्हणाली, आणि चहाचे पैसे तर घेतलेच नाहीत, वर दहाची नोट देऊन गेली. मोनिकानं ती नोट उलटसुलट करून बघितली आणि बाकीच्यांबरोबर ओढणीच्या टोकाला बांधली. तिचा रंग परत आला होता. उपासाचं म्हणून तिनं दोन मोसंबी खाल्ली आणि उरलेला हिशेब बसून पुरा केला. बन्सीनं कागद वाचायचा प्रयत्न केला, पण तो इतका वारा घालून चुरगळला होता की शेवटची ओळ घडीत गेली होती.

"मॅडम, ते जमाचं…" तो म्हणाला.

"तात्यासाहेबांपुढं बोलू," ती म्हणाली. हसरी होती, पण कागद तिनं बॅगेत घातला.

गारखेड्यातलं तात्यासाहेबांचं ऑफिस तळमजल्यावर होतं. गाडीचा आवाज ऐकून ते स्वतः दारात आले. बारीक अंगाचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी बघितलं तर गाडीतून बन्सी उतरला, हातात चमचमता दगड. मग मनकर्णाबाई, पिशवीभर मोसंबी. शेवटी त्यांची हिशेबनीस, कपाळभर कुंकू, हातात खण-नारळ आणि ओढणीच्या टोकाला नोटांची गाठ.

"पेशंट कुठंय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मी," मोनिका म्हणाली.

त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि कागद टेबलावर सपाट करून वाचायला घेतला. डिझेल दोन्ही वेळचं. दोघांचा पगार. ऑक्सिजन, टायर, विमा. उभ्या गाडीचा खर्च. प्रत्येक ओळीला त्यांची मान हलत होती. "हे पटतं," ते म्हणाले. "हा खर्च आहे." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि रुग्णाकडून जमा?"

बन्सीनं खिशातल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "साहेब, हे माझ्या मुठीत आलं. गाडीनं मागितलं नाय. पण लिहायचंच असंल तर माझ्या नावावर लिहा, गाडीच्या नका लिहू. ह्या गाडीनं माझी बायको परत आणून दिलीय. ती चायनीजला गेली तर…"

"मी नाय जात चायनीजला," मनकर्णाबाई त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "गाडी म्हंतेत ते, साहेब."

"काका," मोनिका म्हणाली, "हे तुम्हाला परत करावे लागतील."

"आजाऱ्याचं परत करीत नसतात."

"तुम्ही कुठं आजारी होता?"

ते खरंच होतं. बन्सी ठणठणीत होता. ज्यांचे होते त्यांना परत करायचे म्हटल्यावर ते जमा कसले?

"आणि हे?" तात्यासाहेबांनी ओढणीच्या गाठीकडं बोट केलं.

"हे परत करता येत नाहीत. मी खरीच आजारी होते. सिस्टरला विचारा."

"मग ट्रस्टात जमा कर."

"ट्रस्ट रुग्णाकडून पैसे घेतो?"

"छे!"

"मग गाडीची कमाई म्हणून लिहू? म्हणजे आपल्याच ट्रस्टच्या बाईनं गाडीला कमाई करून दिली, असं लिहावं लागेल. सही तुमची."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. त्यांनी नियमाला एका बाजूनं धरलं की तो दुसऱ्या बाजूनं सुटत होता.

"साहेब," मोनिकाचा आवाज जरा हळू झाला, "रस्त्यानं कोणी गाडीचं भाडं दिलं नाही. मी आडवी होते, माझ्या हातात दिलं. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. एकीनं तर…" तिला सिल्लोडचा चौक आठवला आणि ती पुन्हा फुटली. तिला हसताना बघून निशा हसली. मनकर्णाबाईनं सोललेलं मोसंबं तात्यासाहेबांपुढं धरत विचारलं, "तुम्हाला सांगू का, विहीणबाई काय म्हणल्या ते?" आणि त्यांनी नको म्हणायच्या आत सांगूनही टाकलं.

तात्यासाहेब आधी खोकले. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. ते रडताहेत की काय म्हणून बन्सी घाबरून उठला, पण त्यांची पाठ हलत होती ती हसण्यानं. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड वर केलं, 'रुग्णाकडून जमा' ह्या ओळीपुढं काट मारली आणि खाली सही केली. "एक वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा बघू. मात्र तेव्हा मोनिका बाकावर बसणार नाही. पुढं बसेल."

बन्सीला धन्यवाद म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं, "साहेब, दगड बघा, लई भारी हाय." आणि तो बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. मनकर्णाबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही. ती इतका वेळ गप्प राहिल्याचं त्याला जरा भ्यावच वाटलं.

"श्वास बरा हाय ना गं?"

"हसून हसून लागला होता थोडा. आता बरा हाय."

"मग बोल की काहीतरी."

"काय बोलू? गावभर परत करत फिरायचंय तुम्हाला. माझ्या मैतरणी काय काय बोलतील, ते आठवत होते."

परत निघून शहराबाहेरचं हर्सूल ओलांडेपर्यंत तिचा फोन वाजायला लागला. बद्रीनाथ होता, आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. "अक्का, काय झालं? वाचली का?"

"वाचली," मनकर्णाबाई म्हणाली.

"अन् ती पोरगी?"

"ती पण. गारखेड्याला सोडली, घरी गेली. उपास सोडायचा होता तिला चंद्र बघून."

"मग थांबा गोळेगावला. बायकांनी चुली पेटवल्यात. मटण टाकलंय. दाजीला सांग, ह्या खेपेला फोडीच वाढतो."

इंद्रजीतनं कपाळाला हात लावला. "काका, पुन्हा थांबायचं? मॅडमनी लिहिलंय, येतानाची फेरी न थांबता."

"थांब," बन्सी म्हणाला. "सकाळपासून आजारी हाय मी, पोटात काय नाय."